रॅम्पच्या दोन बाजू मोजल्या आहेत. ढाळाचा कोन कसा काढावा?

येऊरची_वाट

नमस्कार. आम्ही ठाण्यात, घोडबंदर रस्त्यालगतच्या एका जुन्या सोसायटीत राहतो. गेल्या वर्षी बाबांच्या डाव्या अंगावरून वारे गेले आणि तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीत आहेत. इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या असल्यामुळे सोसायटीने आमच्या विनंतीवरून त्यांच्या बाजूला सिमेंटचा रॅम्प बांधून दिला. त्याबद्दल मी सर्वांची ऋणी आहे. मात्र त्या रॅम्पवरून खुर्ची चढवताना मी आणि वॉचमनकाका असे दोघे लागतो, आणि उतरवताना खुर्ची उलटी धरून एकेक पाऊल मागे टाकत यावे लागते. ठेकेदाराचे म्हणणे असे की ढाळ व्यवस्थित आहे, सवय नसल्यामुळे जड वाटतो.

येत्या रविवारी कमिटीची सभा आहे. तिथे 'जड वाटतो' एवढेच सांगण्यापेक्षा कोनाचा आकडा मांडावा असे मनात आहे. टेपने मोजले तेव्हा वरच्या पायरीपाशी उंची ५२ सेंटीमीटर आणि रॅम्पच्या तिरक्या पृष्ठभागाची लांबी २९० सेंटीमीटर भरली. शाळेत त्रिकोणमिती शिकले होते, पण तेव्हा कोन ३०, ४५ किंवा ६० अंशांचाच असायचा. मोबाइलवर साईन-इन्व्हर्स करून पाहिले तर उत्तर ०.१८ आले. पाव अंशाचाही कोन नाही हे पटण्यासारखे नाही. माझे कुठे चुकते आहे?

सानपाडा१९

ताई, तुमची रीत बरोबर आहे, फक्त मोबाइलने उत्तर रेडियनमध्ये दिले आहे. एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश, म्हणून ०.१८०३ ला ५७.३ ने गुणले की १०.३ अंश येतात. गणकयंत्रावर 'रॅड' लिहिलेले असेल तिथे दाबून 'डिग्री' करावे आणि मगच आकडे घालावेत. खात्रीसाठी आधी ०.५ चे साईन-इन्व्हर्स करून पाहावे. ३० आले तर यंत्र अंशांत आहे.

दुसरीही एक चूक सर्रास होते. बटणावर साईनच्या डोक्यावर उणे एक लिहिलेले असते, त्यामुळे पुष्कळ जण त्याचा अर्थ 'एक भागिले साईन' असा घेतात. तो अर्थ इथे नाही. '०.१७९३ (५२ भागिले २९०) हे साईन गुणोत्तर कोणत्या कोनाचे?' असा उलटा प्रश्न ते बटण विचारते. एक भागिले ०.१७९३ केले असते तर ५.५८ आले असते, आणि त्या संख्येचा कोनाशी काही संबंध लागला नसता.

पाटी_पेन्सिल

मी ऐरोलीत नववी-दहावीला गणित शिकवते. येऊरची_वाट यांची अडचण माझ्या वर्गात दरवर्षी दिसते आणि तिचे मूळ आमच्या शिकवण्यात आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. झाडाची सावली झाडाच्या उंचीच्या वर्गमूळ तीन पट असेल तर सूर्याचा उन्नत कोन किती, असे विचारले की मुले क्षणात ३० अंश सांगतात. परंतु त्यांनी कोन काढलेला नसतो, ओळखीचा आकडा पाहून तो ओळखलेला असतो. गुणोत्तर ०.१७९३ आले की तीच मुले थांबतात, कारण तो आकडा पाठ केलेल्या तक्त्यात नाही.

म्हणून मी फळ्यावर प्रथम एवढेच लिहून घेते की काटकोन त्रिकोणात हव्या असलेल्या कोनासमोरची ती संमुख बाजू, कोनाला चिकटलेली ती लगतची बाजू आणि काटकोनासमोरचा तो कर्ण. यांपैकी कोणत्या दोन बाजू हातात आहेत ते पाहावे आणि त्या दोघींना जोडणारे गुणोत्तर घ्यावे. संमुख आणि कर्ण असतील तर साईन, लगतची आणि कर्ण असतील तर कोसाईन, संमुख आणि लगतची असतील तर टॅन. तुमच्याकडे उंची म्हणजे संमुख बाजू आणि तिरकी लांबी म्हणजे कर्ण आहे, त्यामुळे तुम्ही साईन निवडलेत हे अगदी योग्य केलेत.

कोपरीकर

माझे मत थोडे वेगळे आहे. कमिटीपुढे कोन नेऊच नये. रॅम्पच्या कामात सगळा व्यवहार गुणोत्तरात चालतो. चाकाच्या खुर्चीसाठी ढाळ १:१२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे एक फूट चढायला आडवे बारा फूट अंतर हवे, असे आपल्याकडच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तुमचे आडवे अंतर पायथागोरसने २८५ सेंटीमीटर येते. त्याला ५२ ने भागले की साडेपाच मिळतात. बाराऐवजी साडेपाच, एवढे सांगितले की कोणालाही कळेल. अंश कशाला हवेत?

सानपाडा१९

कोपरीकर, गुणोत्तर सांगावेच, त्यात दुमत नाही. पण तेवढ्याने भागेल असे वाटत नाही, कारण सभेत कोणीतरी मोबाइल रॅम्पवर ठेवून अंश दाखवणार, आणि ते अंश १:१२ शी कसे ताडायचे हे तेव्हा सांगता आले पाहिजे. १:१२ चा कोन म्हणजे एक भागिले बाराचे टॅन-इन्व्हर्स, ४.७६ अंश. कित्येकांना १:१२ आणि १२ अंश एकच वाटतात. तसे समजणाऱ्याला १०.३ अंशांचा रॅम्प नियमात बसल्यासारखा दिसेल.

कोपरीकर

हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. मान्य आहे, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत.

ओळंबा

मी कळव्याचा. बांधकामावर सुपरवायझर म्हणून तीस वर्षे काढली. सगळ्यांचे गणित बरोबर आहे, पण माझी शंका मापाबद्दल आहे. उंची वरच्या पायरीपाशी मोजली असे ताईंनी लिहिले आहे. म्हणजे पायरीच्या खालच्या जमिनीपासून. रॅम्पचा पायथा मात्र तिथून जवळजवळ तीन मीटर पुढे आहे. पावसाचे पाणी गटाराकडे जावे म्हणून सोसायटीच्या आवारालाच ढाळ दिलेला असतो. पायथ्याची जमीन पायरीजवळच्या जमिनीपेक्षा खाली असेल तर तुमचा त्रिकोण काटकोनी राहिलेला नाही, आणि काटकोन नाही तिथे हे साईन लागू होत नाही.

यावर उपाय सोपा आहे. पारदर्शक नळी घ्या, तिच्यात पाणी भरा आणि आत हवेचा बुडबुडा राहिलेला नाही ना ते नीट पाहा. एक टोक वरच्या पायरीपाशी आणि दुसरे रॅम्पच्या अगदी पायथ्याशी उभ्या धरलेल्या काठीला लावा. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येते. ती पातळी पायथ्यापासून किती उंच आणि पायरीच्या पृष्ठभागापासून किती उंच हे मोजा. दोन्हींतील फरक हीच खरी उंची. गवंडी रोज हेच करतात.

येऊरची_वाट

ओळंबा काका, आज सकाळी वॉचमनकाकांना सोबत घेऊन तुम्ही सांगितले तसे केले. पायथ्याची जमीन खरोखरच ४ सेंटीमीटर खाली निघाली. म्हणजे उंची ५२ नसून ५६ आहे. आता ५६ भागिले २९० म्हणजे ०.१९३१, आणि कोन ११.१ अंश येतो. ही गोष्ट माझ्या लक्षातही आली नसती.

खारघर_गच्ची

याच रीतीचा माझा अनुभव सांगतो. आमच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवली. आपल्या भागाचे अक्षांश सुमारे १९ अंश असल्यामुळे वर्षभराचा विचार करता पॅनेलचा कल त्याच सुमारास, दक्षिणेकडे तोंड करून असावा असे मी वाचले होते. बसवून झाल्यावर पॅनेल मला फारच आडवे वाटले. पॅनेलची लांबी २ मीटर आणि पुढच्या व मागच्या पायांच्या उंचीतला फरक ३५ सेंटीमीटर होता, म्हणजे साईन ०.१७५ आणि कोन केवळ १० अंश. १९ अंशांसाठी तो फरक ६५ सेंटीमीटर हवा होता. हा हिशोब कागदावर मांडून दाखवला तेव्हा बसवणाऱ्यांनी मागचे पाय बदलून दिले. म्हणून येऊरची_वाट यांना माझे सांगणे आहे की आकडा घेऊन सभेला अवश्य जावे.

नेरुळ_पूर्व

टेप, नळी, इन्व्हर्स हे सगळे कशासाठी? मोबाइलमध्येच पाणसळ असते. तो रॅम्पवर ठेवला की कोन समोर दिसतो.

ओळंबा

मोबाइल ज्या वीतभर जागेवर ठेवला तेवढ्याच जागेचा कोन तो दाखवतो. हाताने घोटलेले सिमेंट सगळीकडे सारखे नसते, शिवाय मोबाइलच्या पाठीवरचा कॅमेरा उंचवट्यासारखा वर आलेला असतो. वापरायचाच असेल तर मीटरभर लांब सरळ पट्टी रॅम्पवर ठेवून तिच्यावर मोबाइल ठेवावा आणि तीन-चार ठिकाणी मापे घ्यावीत.

येऊरची_वाट

तेही करून पाहिले. पट्टीशिवाय ठेवला तेव्हा खालच्या टोकाला ९, मध्यावर ११ आणि वरच्या टोकाला १३ अंश दिसले. उंबऱ्यापाशी बाबांच्या खुर्चीची पुढची छोटी चाके नेहमी अडतात, ती नेमकी त्या १३ अंशांच्या जागी.

नेरुळ_पूर्व

तसे असेल तर माझी सूचना मी मागे घेतो. तरी ओळंबा यांना एक विचारतो. वरच्या टोकापासून ओळंबा (दोरीला बांधलेले वजन) सोडून जमिनीवर खूण केली आणि तिथून पायथ्यापर्यंतचे आडवे अंतर घेतले, तर कोसाईननेही कोन येईल ना? नळीचा खटाटोप वाचेल.

निवृत्त_मोजणीदार

या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण आयुष्यभर जमिनीची मोजणी केली आणि आता बेलापूरला विसावलो आहे. येईल, पण भरवशाचा येणार नाही. याच रॅम्पचे आकडे घेऊ. समजा आडवे अंतर तुम्ही २८५ मोजलेत. २८५ भागिले २९० चे कोसाईन-इन्व्हर्स १०.७ अंश येते. टेप जरा सैल राहून माप २८४ आले तर कोन ११.७ होतो, आणि २८६ आले तर ९.५. म्हणजे इकडे-तिकडे एका सेंटीमीटरने कोन दोन अंशांच्या पट्ट्यात हेलकावे खातो. आता साईन पाहा. उंची ५६ ऐवजी ५५ मोजली गेली तर कोन १०.९ आणि ५७ मोजली गेली तर ११.३. चूक तेवढ्याच एका सेंटीमीटरची, पण कोन अर्ध्या अंशाच्या आत राहतो.

कारण असे की कोन लहान असताना कर्ण आणि लगतची बाजू जवळजवळ सारख्याच लांबीच्या असतात आणि कोन वाढला तरी त्यांचे गुणोत्तर फारसे हलत नाही. शून्य अंशाचे कोसाईन १ आणि ५ अंशांचे ०.९९६. एवढ्याशा फरकातून पाच अंश शोधून काढायचे असतात. भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा कोन ९० च्या जवळ असेल तर हीच अडचण साईनला येते. म्हणून कोन लहान असेल तेव्हा उंची मोजलीच पाहिजे, आणि मोठा असेल तेव्हा पायाचे अंतर. टॅनमध्ये ही दोन्ही मापे येत असल्यामुळे शक्य असेल तिथे मी टॅनच वापरत आलो.

आमच्या व्यवसायात प्रश्न बहुधा उलट दिशेने यायचा. १८०२ साली मद्रासजवळ एक पायारेषा मोजून सुरू झालेल्या भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणात लांबी शक्यतो मोजायचीच नाही, कोन मोजायचे आणि त्यांवरून लांबी काढायची, अशी पद्धत होती. त्यासाठी ते सर्वेक्षण सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्बटन यांनी सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचे यंत्र, मैलोन्‌मैल वाहून नेला. पुढे त्याच सर्वेक्षणातले गणिती राधानाथ सिकदार यांनी दुरून घेतलेल्या कोनांवरूनच आज एव्हरेस्ट म्हणतात त्या शिखराची उंची काढली. ताईंच्या हातात थिओडोलाइट नाही, टेप आहे, म्हणून त्यांना लांबीवरून कोनाकडे जायचे आहे. त्रिकोण तोच राहतो, फक्त प्रवास उलट होतो.

पाटी_पेन्सिल

सर, तुमचा हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे. तीन गुणोत्तरांपैकी कोणतेही वापरले तरी उत्तर एकच, असे मी आजवर सांगत आले. बाजू अचूक असतील तर ते खरे आहे. पण मोजलेल्या बाजूंबाबत कोणते गुणोत्तर निवडावे हा वेगळा विचार असतो, हे पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांत कधी जाणवतच नाही.

ज्यांना गणकयंत्राशिवाय ताळा करायचा असेल त्यांनी आलेखाचा कागद घ्यावा. २ सेंटीमीटरला १ मिलिमीटर धरून १४२ मिलिमीटरची आडवी आणि तिच्या टोकाला काटकोनात २८ मिलिमीटरची उभी रेघ काढावी, टोके जोडावीत आणि कोनमापक लावावा. मी आत्ता काढून पाहिले. पेन्सिलची रेघ ११ च्या खुणेवरून जाते. त्यापलीकडचे दशांश कोनमापक सांगू शकत नाही, पण यंत्राने ०.१८ दाखवले असते तर काहीतरी बिनसले आहे हे या एका आकृतीवरून लगेच समजले असते.

मासुंदाकाठ

गणकयंत्राशिवाय म्हणत असाल तर आणखी एक वाट आहे, आणि ती आपलीच आहे. 'ज्या' म्हणजे कोनाचे साईन गुणिले त्रिज्या, आणि कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. इसवी सन ४९९ मधल्या आर्यभटीयात अशा २४ 'ज्यां'ची सारणी दिली आहे. त्रिज्या ३४३८ कला धरून दर ३ अंश ४५ कलांना ज्या किती वाढते ते तिथे सांगितले आहे. पहिली वाढ २२५, दुसरी २२४, तिसरी २२२ आणि पुढेही अशाच उतरत जाणाऱ्या वाढी. म्हणजे ३ अंश ४५ कलांची ज्या २२५, ७ अंश ३० कलांची ४४९ आणि ११ अंश १५ कलांची ६७१.

ताईंचे गुणोत्तर ०.१९३१ आहे. त्याला ३४३८ ने गुणले की ६६४ येतात. ही ज्या ४४९ आणि ६७१ यांच्या मध्ये आहे, ४४९ च्या पुढे २१५. या खान्यात ज्या २२२ ने वाढते तेव्हा कोन २२५ कलांनी वाढतो, म्हणून २१५ साठी त्रैराशिकाने २१८ कला. त्या ३ अंश ३८ कला झाल्या. ७ अंश ३० कलांत मिळवल्या की ११ अंश ८ कला, म्हणजे दशांशात ११.१३. मोबाइलच्या उत्तराशी ताडून पाहावे.

साईन हा शब्दही याच 'ज्या'पासून घडला आहे. ज्येचेच दुसरे नाव जीवा, त्या शब्दाचे अरबीत जिबा झाले, ते लिहिताना स्वर गळाल्याने पुढे 'जैब' असे वाचले गेले, आणि जैबचा जो अर्थ होता त्याचा लॅटिन शब्द सायनस हा भाषांतरकारांनी घेतला.

सानपाडा१९

मासुंदाकाठ, मी गणकयंत्रावर ताडून पाहिले, ११.१३४ आले. सारणीतल्या तीनच ओळी वापरून उत्तर कलेपर्यंत जुळते, हे पाहून मी खरोखर भारावून गेलो.

लहान कोनांसाठी केरळचे जुने गणिती माधव यांची श्रेणीही इथेच नोंदवतो. टॅन गुणोत्तरातून त्याच्याच घनाचा तिसरा हिस्सा वजा करायचा, पाचव्या घाताचा पाचवा हिस्सा मिळवायचा आणि असेच पुढे जायचे. एक भागिले बारा म्हणजे ०.०८३३३, त्याच्या घनाचा तिसरा हिस्सा ०.०००१९, वजा केल्यावर ०.०८३१४ रेडियन, आणि ५७.३ ने गुणल्यावर ४.७६ अंश. पहिल्या दोनच पदांत काम झाले.

मासुंदाकाठ

सावलीवरूनही असाच कोन काढता येतो, विषय तोच असल्यामुळे लिहितो. २२ डिसेंबरला मी नातीला घेऊन गच्चीवर मीटरभर उंचीची काठी उभी केली. ठाण्यात सूर्य सर्वांत उंच येतो तो बाराच्या ठोक्याला नव्हे, तर त्या सुमारास साधारण साडेबारा उलटून सात मिनिटांनी, कारण आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचे आहे आणि आपण ७३ च्या जवळ राहतो. तेव्हा सावली ९२ सेंटीमीटर भरली. १०० भागिले ९२ चे टॅन-इन्व्हर्स ४७.४ अंश. ९० मधून ते वजा केले, सूर्य त्या दिवशी जितका दक्षिणेला असतो ते २३.४ अंशही वजा केले, आणि १९.२ उरले. नातीने नकाशात ठाण्याचे अक्षांश पाहिले आणि काठीकडे धावत गेली.

निवृत्त_मोजणीदार

फार छान. काठी ओळंब्यात उभी होती ना? ती एका अंशाने कलली असती तर अक्षांशही साधारण अर्ध्या अंशापर्यंत सरकले असते.

मासुंदाकाठ

हो, दोरीला कुलूप बांधून दोन्ही बाजूंनी तपासली होती.

कोपरीकर

मूळ प्रश्नाकडे येतो. सभेतल्या लोकांना अंशांपेक्षा जोर किती लागतो हे जास्त जवळचे वाटेल. बाबा आणि खुर्ची मिळून ८५ किलो धरले, तर ढाळावर खुर्ची ढकलण्यासाठी वजन गुणिले कोनाचे साईन एवढा जोर लागतो, चाकांचे घर्षण वेगळे. ११.१ अंशांवर तो १६ किलोंहून थोडा अधिक, आणि १:१२ वर ७ किलो. हे माझ्या मताच्या विरुद्ध जाते हे मला दिसते आहे, कारण जोर काढताना मला तुमचा कोनच वापरावा लागला.

येऊरची_वाट

आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात, मनापासून आभार. सभा कालच झाली. मी एकाच कागदावर त्रिकोण काढून नेला होता. उंची ५६, तिरकी लांबी २९०, कोन ११.१ अंश, ढाळ १ ला ५ आणि बाजूला १:१२ म्हणजे ४.७६ अंश. कोपरीकरांचे १६ किलो आणि ७ किलो खाली लिहिले होते. अपेक्षेप्रमाणे एका सदस्यांनी 'बारा अंश चालतात' असे म्हटले, आणि सानपाडा१९ यांच्यामुळे मला तिथल्या तिथे उत्तर देता आले. ठेकेदारांनीही नळी लावून स्वतः मोजून पाहिले आणि उंची मान्य केली.

समोर सरळ सात मीटर जागा नाही, तिथे गाड्या उभ्या असतात. म्हणून नवा रॅम्प भिंतीला समांतर, कुंड्यांच्या जागेतून न्यायचे ठरले. त्या बाजूचा पायथा नळीने मोजला तर उंची ५४ आणि मिळणारे आडवे अंतर ६६० आहे. या वेळी दोन्ही मापे हातात असल्यामुळे टॅन घेतला. ५४ भागिले ६६० चे टॅन-इन्व्हर्स ४.६८ अंश. माझा हिशोब कोणी तपासून देईल का?

पाटी_पेन्सिल

तपासला, बरोबर आहे. १:१२ साठी ६४८ लागले असते, तुमच्याकडे १२ सेंटीमीटर जास्त आहेत.

ओळंबा

ताई, ते १२ सेंटीमीटर कोणाला देऊ नका. पायरीवर नवी फरशी बसणार असेल तर उंची दोन-अडीच सेंटीमीटरने वाढेल, आणि ५६.५ ला ६७८ लागतील. काम सुरू होण्याआधी फरशीचे ठरवून घ्या, आणि वरच्या दाराशी खुर्ची वळवता येईल एवढी सपाट जागा सोडायला सांगा. ती जागा ६६० मध्ये धरलेली नाही ना?

येऊरची_वाट

दाराशी दीड मीटरची सपाट जागा वेगळी ठेवली आहे. पण फरशीचे कोणाच्याच लक्षात आले नव्हते. आत्ताच सेक्रेटरींना फोन केला. पायरीवर फरशी नको, खरबरीत सिमेंटच ठेवू म्हणाले. उद्या सकाळी दोरी लावणार आहेत, तेव्हा नळी घेऊन मीही उभी राहीन.